सहल संपते, ताप नंतर येतो

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की सिंदी मेघेतल्या भाड्याच्या खोल्यांत एकच चर्चा असते, कुठे जायचे? बोर तर घरचेच. पुढे ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट. अलीकडे गाडीतच मुक्काम करण्याची हौस वाढली आहे. आसने काढून गाद्या टाकलेली व्हॅन, मागे शेगडी, पाच-सहा मित्र आणि आठ दिवस. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. मुलांनी जरूर जावे. विदर्भात चार वर्षे शिकून एकही जंगल न पाहता पदवी घेऊन जाणाऱ्यांचे मला वाईट वाटते. मात्र घरच्यांना भीती वाघाची आणि मुलांना ओढही वाघाचीच, त्यामुळे माणूस खरोखर ज्या गोष्टींनी दगावतो त्यांचा विचार राहूनच जातो.

पहिली गोष्ट रात्रीचा रस्ता. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळी-वर्धा मार्गावर सेलसुराजवळ गाडी पुलावरून कोसळली आणि सावंगीचे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. आडवे आलेले जनावर चुकवताना हे घडले असावे, असे तेव्हा सांगितले गेले. कारण काहीही असो, रानडुक्कर किंवा नीलगाय समोर आली की हात आपोआप स्टिअरिंग वळवतात, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टपावर सामान लादलेली व्हॅन अशा वेळी सहज कलंडते. सरळ रेषेत ब्रेक दाबणे हेच त्यातल्या त्यात सुरक्षित. त्याहून बरे म्हणजे दिवस मावळायच्या आत गाडी वस्तीला लावणे. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हेही विसरू नये.

मग झोप. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असे तपासात निघाले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, गुंगी येते आणि माणसाला वाटते, दिवसभराचा शीण आहे. बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवणे किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणे म्हणजे हाच खेळ.

बाहेर चटई टाकून झोपू, असे कोणी म्हणेल. तिथे मण्यार असते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात आणि सोबतचे लोक अॅसिडिटीची गोळी देतात. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचणे, एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. डासही बाहेर राहतात, ते वेगळेच.

इथवरचे धोके निदान सहलीत असतानाचे आहेत. मला अधिक काळजी वाटते ती परतल्यानंतरच्या तीन आठवड्यांची.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने अनेक बळी घेतले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले आणि पुढे विसरलेही गेले. झुडपांत, गवतात राहणाऱ्या माइट नावाच्या बारीक किड्याची अळी चावते आणि तिच्यातून जिवाणू शरीरात शिरतात. अळी दिसत नाही, चावा कळत नाही. व्याघ्र प्रकल्पांचा मुख्य भाग पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात उघडतो. गवत तेव्हा उंच असते आणि या आजाराचा हंगामही तोच. ताप येतो सहा ते एकवीस दिवसांनी. तोवर व्हॅन परत गेलेली, फोटो टाकून झालेले, एक मित्र यवतमाळला घरी तर दुसरा पुण्यात इंटर्नशिपला. पुण्याचा डॉक्टर डेंगी आणि टायफॉइड तपासणार. त्याची चूक नाही, त्याला जंगल कोणी सांगितलेलेच नसते.

अळी चावते तिथे पुष्कळदा सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही. जागाही कुठली, तर काख, जांघ, कमरपट्ट्याखाली. रुग्ण दाखवत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर कपडे बाजूला करून पाहत नाहीत. खरे तर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर घाला पडतो. मलेरियाचेही तसेच. गडचिरोलीच्या बाजूला गेला असाल तर फाल्सिपेरम एक-दोन आठवड्यांनी डोके वर काढतो, व्हायवॅक्स कधी कधी महिन्यांनी. औषध दुकानातून पॅरासिटामॉल घेऊन चार दिवस काढणे म्हणूनच महागात पडते.

तेव्हा सहलीचा व्हॉट्सअॅप ग्रुप महिनाभर तरी मोडू नका. एकाला ताप आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळू द्या आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिले वाक्य ‘ताप आहे’ असे न म्हणता ‘अमुक तारखेला अमुक जंगलात होतो’ असे म्हणा. डॉक्टरांनीही थोडे बदलावे. आपल्याकडे ‘काल काय खाल्ले?’ हे हमखास विचारतात, ‘गेल्या तीन आठवड्यांत कुठे होता?’ हे क्वचितच. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर ही एक ओळ छापायला काय हरकत आहे?