वर्गातील कुजबुज

पांढुर्णा किंवा सौंसर तहसिलीतील एखाद्या सरकारी शाळेच्या ओसरीवर घटकाभर उभे राहावे. आत धडा चाललेला असतो. गुरुजी पाठ्यपुस्तकातील प्रश्न हिंदीतून विचारतात आणि वर्ग स्तब्ध होतो. पहिल्या बाकावरील दोन-तीन ठरलेले हात वर जातात. उरलेली मुले फळ्याकडे किंवा खिडकीबाहेर पाहतात. इतक्यात तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याच्या कानाशी लागतो आणि मराठीतून, म्हणजे आपल्या घरच्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीतून, हळूच विचारतो, "काऊन रे, म्हणजे काय म्हनते ते?" शेजारी त्याला चार शब्दांत समजावू लागतो, तोच टेबलावर छडी वाजते व आज्ञा होते, "चुप!"

त्या क्षणी वर्गात खरे शिक्षण चालले होते ते केवळ त्या तिसऱ्या बाकावर, आणि तेच थांबविले गेले, असे आमचे मत आहे. गुरुजींस दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्या पद्धतीत ते स्वतः शिकले तिच्यात शांत वर्ग हाच चांगला वर्ग मानला जात असे, आणि तपासणीस येणारा अधिकारीही बहुधा त्याच मापाने वर्ग मोजत आला आहे. पालकांचीही समजूत याहून निराळी नाही. शाळेतून गलका ऐकू आला की, "मास्तर शिकवीत नाही वाटते," असा शेरा पारावर लगेच मारला जातो. तथापि शांततेची ही किंमत इतर गावांतील मुलांपेक्षा आपल्या मुलांना अधिक मोजावी लागते. त्याचे कारण उघड आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तोपर्यंत नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. सीमा कोठे असावी ह्याची चर्चा आज आम्ही करीत नाही. तिला ह्या पृष्ठावर कधी वाण पडलेली नाही. आजचा प्रश्न निराळा आहे. सीमा जेथे आहे तेथेच आहे असे धरून चालले, तरी घरात मराठी, पवारी किंवा गोंडी बोलणारे मूल वर्गात हिंदी पुस्तकासमोर बसते, ही वस्तुस्थिती राहतेच. हिंदी त्याला अपरिचित नाही; बाजारात, रेल्वे फलाटावर, चित्रपटात ती त्याच्या कानांवर पडते. परंतु कानांवर पडणारी भाषा आणि मनात विचार ज्या भाषेत उठतो ती भाषा, ह्यांत अंतर असते. हे अंतर ओलांडण्यास मुलाला थोडा वेळ व एखादा सोबती लागतो, आणि आमच्या वर्गांत नेमकी ह्याच दोन गोष्टींना मनाई आहे.

ह्यावर उपाय म्हणून मराठी माध्यमाच्या शाळांची मागणी होते, आणि ती न्याय्य आहे. पुनर्रचनेच्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-क हे कलम घातले गेले व भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य ठरले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा व २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण ह्यांनीही मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. मात्र कायद्यात "शक्य तोवर" व धोरणात "जेथे शक्य असेल तेथे" अशी पळवाट ठेवूनच! ती मागणी सोडावी असे आम्ही सुचवीत नाही. पण आदेश निघेल, शिक्षक नेमले जातील, पुस्तके येतील, तोपर्यंत आज पाचवीत असलेला मुलगा दहावी नापास होऊन संत्र्याच्या बागेत मजुरीला लागलेला असेल. त्याच्यासाठी उद्याच्या तासाला काय करता येईल, हा आमचा विषय आहे.

आमचे उत्तर असे: त्या तिसऱ्या बाकावरील कुजबुजीला वर्गात अधिकृत जागा द्यावी. चार-चार मुलांचे गट करावेत. प्रश्न द्यावा, दहा मिनिटे द्यावीत आणि ह्या दहा मिनिटांत मुलांनी आपसांत कोणत्याही भाषेत बोलावे अशी मोकळीक द्यावी. नंतर गटातील एकाने उठून निष्कर्ष वर्गाला हिंदीत सांगावा. आज एकाने, उद्या दुसऱ्याने. ह्यात हिंदीची हानी नाही. उलट, आधी मराठीत समजलेली गोष्ट हिंदीत सांगताना मुलाची हिंदी जितकी सुधारते, तितकी ती न समजलेले उतारे घोकून सुधारत नाही.

उदाहरणच घेऊ. वनस्पतींचा धडा आहे. पुस्तकात पाण्याची आवश्यकता सांगितली आहे आणि मुले ती पाठ करतात. गुरुजींनी एवढेच विचारावे की, पाणी जर झाडाला इतके आवश्यक, तर आपल्याकडे संत्र्याच्या बागेचे पाणी मुद्दाम का तोडतात? आमची खात्री आहे की वर्गाचा चेहरा बदलेल. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण देतात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात, हे बागाईतदाराच्या मुलाला ठाऊक असते. ज्याच्या बापाकडे केवळ कपाशी आहे तो विचारतो, मग कपाशीला का नाही देत? ज्या मुलीची आई तोडणीला जाते ती सांगते की एका बागेत ताण जास्त झाला तेव्हा पाने गळाली आणि झाडे बसली. चौथा, आजवर तासाला कधीच न बोललेला मुलगा म्हणतो, "झाडाले वाटत असन, आपून मरतो आता, म्हनून फूल काढते." शास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य अपुरे आहे, पण त्यात विचाराची सुरुवात आहे. ताण पडला की वाढ खुंटते, फांदीत अन्नसाठा होतो आणि पुन्हा पाणी मिळताच कळ्या फुटतात, हे आता गुरुजी सांगतील, तेव्हा ते ह्या चौघांच्या मनात रुजण्यास जमीन तयार झालेली असेल. हाच प्रश्न गणिताच्या तासाला निराळे रूप घेतो. बागेचा सौदा झाडावरच करावा की माल तोडून नागपूरला कळमन्याच्या बाजारात न्यावा? तोडणी, गाडीभाडे, हमाली, सडलेला माल, सारे हिशेबात धरून मुलांनी वाद घालावा. आमच्या घरांत दर हंगामाला रात्र-रात्र हाच वाद चालतो, मुले तो ऐकत झोपी जातात आणि सकाळी शाळेत जाऊन नफा-तोट्याचे कोरडे उदाहरण चुकवितात!

हे सारे पाश्चात्त्य फॅड आहे, असे म्हणणारे सद्गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांनी पांढुर्ण्याहून इटारसीकडे जाणारी गाडी धरावी. त्याच मार्गावर पुढे जो जिल्हा पूर्वी होशंगाबाद म्हणून ओळखला जाई व आता नर्मदापुरम् म्हणविला जातो, तेथील सोळा माध्यमिक शाळांत १९७२ साली किशोर भारती व रसुलियाचे मित्र मंडळ ह्या दोन संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग आरंभिला. मुलांनी चार-चारांच्या टोळीत बसावे, साध्या वस्तूंनी प्रयोग करावा, दिसले ते आपल्या शब्दांत लिहावे आणि मग साऱ्या वर्गाने त्यावर चर्चा करावी, अशी पद्धत होती. 'बाल वैज्ञानिक' ह्या पुस्तकांत तयार उत्तरे देण्याचे टाळले होते. १९७८ पासून जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत हा उपक्रम सुरू झाला; १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था निघाली व तिने तो पुढे चालविला. परीक्षाही बदलली. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहायची व प्रयोग करून दाखवायचा. खासगी शिकवण्यांच्या शहरी वर्गात नव्हे, आमच्याच राज्यातील खेड्यांतील सरकारी शाळांत, आमच्या गुरुजींसारख्याच गुरुजींनी हे तीस वर्षे करून दाखविले. अनेक वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला असतानाही २००२ साली राज्य शासनाने तो उपक्रम बंद केला. शासनाचा तो निर्णय आम्हांस तेव्हाही पटण्याजोगा नव्हता व आजही नाही.

आणि पाश्चात्त्यांचा अनुभव तरी का नाकारावा? अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरी गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसविण्यात आले, तेव्हा वर्गांत वैर माजले. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन ह्यांनी एक साधी युक्ती योजिली. धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पुरा धडा कोणाजवळच नाही; तो कळावयाचा तर प्रत्येकाचे ऐकून घेणे भाग. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या ज्या मुलाची कालपर्यंत टिंगल होई, त्याला आता नीट बोलते करणे हे इतरांच्याच हिताचे झाले. आमच्या वर्गांत मराठी, हिंदी, पवारी व गोंडी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात आणि गोंडी मुलाला हसणारे मूल पुष्कळदा मराठी असते, हेही येथे लपवून चालणार नाही. ज्या भाषिक उपेक्षेविरुद्ध आपण तक्रार करतो, ती आपल्याकडून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये, म्हणून ही युक्ती आम्हांस विशेष मोलाची वाटते. हार्वर्डसारख्या विद्यापीठातही एरिक मझूर ह्या भौतिकीच्या प्राध्यापकांच्या ध्यानी आले की, आपले विद्यार्थी सूत्रे लावून उदाहरणे सोडवितात परंतु मूळ कल्पना त्यांना उमगलेली नसते. म्हणून १९९० नंतरच्या दशकात त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून शेजाऱ्याशी वाद घालावयास सांगण्याची पद्धत बसविली. जो नुकताच समजला आहे, त्याला अडचण कोठे होती हे आठवते. प्राध्यापकाला ती केव्हाच विसरलेली असते.

गटात बसविले म्हणजे झाले, असे मात्र कोणी समजू नये. चारातला एक हुशार मुलगा लिहितो आणि तिघे उतरवून घेतात, असे गटकार्यही आम्ही पाहिले आहे. त्यापेक्षा छडीचा तास बरा. ज्याचे उत्तर पुस्तकातील एका ओळीत आहे असा प्रश्न चर्चेला देण्यात अर्थ नसतो. वर्गात साठ मुले आणि दोन इयत्तांना मिळून एक शिक्षक, ही अडचण खरी आहे. तरी एवढे म्हणावेसे वाटते की, साठ मुलांपैकी प्रत्येकाचे ऐकणे गुरुजींना कोणत्याच पद्धतीत शक्य नाही. पंधरा गटांमध्ये निदान तीन सोबती तरी ऐकतात. परीक्षेचा आक्षेप अधिक अवघड आहे. प्रश्नपत्रिका पाठांतरच मागणार असेल, तर चर्चेवर वेळ घालविणारा शिक्षक निकालात मागे पडण्याची भीती बाळगणारच. होशंगाबादच्या मंडळींनी परीक्षा बदलून घेतली होती, ते उगाच नव्हे. परीक्षा बदलणे आपल्या हाती नाही. म्हणून आठवड्यातून दोन तासांहून अधिक आम्ही मागत नाही.

आणखी एक गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा व सावरगाव उभे राहून एकमेकांस दगडांनी उत्तर देतात, हे देशभर छापून येते. परंपरेची ती चर्चा येथे नको. परंतु आमच्या मुलांना समोरच्याचे म्हणणे पुरे ऐकून, "मला हे पटत नाही, कारण..." असे वाक्य उच्चारण्याचा सराव वर्षभरात किती तास मिळतो, हे आपण एकदा मोजावे. ग्रामसभेत, बाजार समितीत, नगरपालिकेत पुढे त्यांना हेच वाक्य लागणार आहे.

शिक्षणहक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात, मूल भयमुक्त असावे व त्यास आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. ह्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती ठेविली असून तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. म्हणजे वरच्या कचेरीसाठी आता छिंदवाड्यास जाण्याचेही कारण उरलेले नाही. समितीच्या बैठकीत खिडक्यांची तावदाने, मध्यान्ह भोजनाची डाळ आणि शौचालयाचे दार ह्यांवर बोलणे होते, ते व्हावेच. येत्या बैठकीत तिघा-चौघा आयांनी मिळून गुरुजींना आदरपूर्वक आणखी एक प्रश्न विचारावा: आमची मुले वर्गात एकमेकांशी बोलू लागली, म्हणजे आपण काय करता?