छत्तीस गुणांची सोयरीक

लग्न जुळवताना आपण छत्तीस गुण पाहतो आणि पुढे बिनसले की छत्तीसचा आकडा म्हणून मोकळे होतो. जुन्या संगणकाला जुना प्रिंटर जोडू पाहणाऱ्यांच्या कपाळीही हाच आकडा लिहिलेला असतो, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

१९७० साली अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने आपला पहिला प्रिंटर काढला. वांग कंपनीकडे गणनयंत्रांसाठी घेतलेल्या छत्तीस टोकांच्या सुमारे २०,००० जोडण्या शिल्लक पडल्या होत्या. त्याच या प्रिंटरच्या पाठीला बसवल्या. शिल्लक मालातून निघालेली ही रीत पुढे जगभर रूढ झाली; १९८० च्या एप्सन एमएक्स-८० नेही ती पत्करली.

पत्रिका छत्तीसांची असली तरी संसाराला लागणारे गुण दहा-अकराच! आठ तारांवरून अक्षराचा सांकेतिक अंक जातो. एक तार ‘घ्या’ म्हणते, दुसरी उलट ‘जरा थांबा’ असे कळवते. ही दुसरी फार मोलाची. प्रिंटर बिचारा सेकंदाला ८० अक्षरे उमटवणार. संगणक त्याचे ऐकेनासा झाला तर निम्मी अक्षरे वाटेतच गळायची. आणि हो, तारा जोडायच्या त्या दोन्ही यंत्रे बंद ठेवूनच.

तारा जुळल्या म्हणजे मने जुळली असे मात्र नव्हे. १९८२ चा कमोडोर ६४ ओळ संपल्यावर ‘डावीकडे परत’ एवढेच सांगतो. ‘कागद वर सरकव’ म्हणत नाही. एप्सनही आज्ञाधारक. सारा मजकूर एकाच ओळीवर, काजळाच्या रेघेसारखा! प्रिंटरच्या पोटातली एक इवलीशी कळ फिरवली की कागद आपोआप सरकतो. उलट, दोन्ही आज्ञा देणाऱ्या संगणकाशी गाठ पडली आणि कळ तशीच राहिली, तर प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी.

खरा तंटा भाषेचा. आमच्या एका स्नेह्यांचे थोरले बंधू ब्रिटनमध्ये राहत. कमोडोरवर ते रोमन लिपीत मराठी टिपणे लिहीत. ‘त’ साठी लहान टी, ‘ट’ साठी मोठा. ते गेल्यावर घरच्यांनी ती टिपणे एप्सनवर छापायला घेतली, तो ‘तात्यां’चे ‘टाट्या’ झालेले! कमोडोरचा लहान अक्षराचा अंक एप्सन मोठे अक्षर म्हणून वाचतो, आणि मोठ्याच्या जागी भलतीच खूण काढतो. इंग्रजी मजकूर असता तर अंदाजाने वाचता आला असता. इथे प्रत्येक ‘वात’ची ‘वाट’ लागलेली. अखेर पुतण्याने अंक पाठवण्यापूर्वी बदलून देणारा छोटा तक्ता संगणकात लिहिला. दुभाषी मिळाला आणि तात्या पुन्हा तात्या झाले. वहिनींनी त्या कागदांचे बाड शिवून ठेवले आहे.

चुंबकीय तबकड्यांची स्मृती वर्षांगणिक क्षीण होते, आणि कमोडोरच्या तबकड्या आजचा संगणक खास उपकरणावाचून वाचू शकत नाही. कागदाला वाचणारे डोळे तेवढे पुरतात. आपल्या माळ्यावर असे एखादे अबोल जोडपे धूळ खात असेल, तर दिवाळीची झाडलोट करताना ते भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एवढे पाहावे: त्याच्या पोटात कुणाचा शब्द अडकून तर राहिलेला नाही ना?