सहा कोअर, सहा ताप

माझं ठाम मत आहे की टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं की माणसाची झोप उडते. त्याआधी सगळं मजेत असतं. गेम चालतो, कोड कंपाइल होतो. मग स्क्रीनवर सहा आकडे दिसतात : ६८, ७१, ७०, ७६, ६९, ६७. झालं! "चौथाच कोअर एवढा का तापतोय?" हा प्रश्न मानगुटीवर बसतो. मग पेस्ट बदला, पंखा बदला, कॅबिनेट बदला. हौसेला मोल नाही म्हणतात, पण बिल येतंच.

तर मंडळी, सगळ्या कोअरचे आकडे सारखे असावेत ही अपेक्षाच मुळात चुकीची. चिपवर मधे बसलेल्या कोअरला दोन्ही बाजूंनी तापलेले शेजारी असतात, कडेच्याला नसतात. लोकलच्या डब्यात मधे उभा असलेला आणि दारात उभा असलेला, यांच्यात फरक पडणारच ना? शिवाय अनेक प्रोसेसरांमध्ये काही कोअर जरा जास्त वेगाने पळू शकतात आणि हलकंफुलकं काम आधी त्यांनाच मिळतं. ऑफिसात होतं तेच, काम करणाऱ्यालाच अजून काम!

आणि तो सेन्सर? इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर मुळात "कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत" एवढंच सांगतो. सॉफ्टवेअर वजाबाकी करून आपल्याला तापमान दाखवतं. मर्यादेजवळ तो बऱ्यापैकी अचूक असतो, थंड असताना मात्र अंदाजपंचे. म्हणजे मशीन नुसतं बसलेलं असताना दोन कोअरमध्ये चार-पाच अंशांचा फरक दिसला, तर त्याचा अर्थ शोधत बसू नये.

पण म्हणून सगळंच सोडून द्या, असंही नाही.

गेल्या मे महिन्यात पुण्यातल्या एका मित्राचं मशीन पाहिलं. आय५-१२४००, सहा कोअर, सोबत आलेला साधा कूलर. सहाही कोअरवर सारखा लोड देऊन पंधरा मिनिटं थांबलो. चार कोअर ८० ते ८३, आणि दोन थेट ९३-९५! या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. ज्या दुकानातून मशीन जोडून घेतलं होतं त्यांचा सल्ला : "प्रोसेसर गेलाय, नाहीतर लिक्विड कूलर टाका." म्हणजे काही हजारांची फोडणी.

मदरबोर्ड मागून पाहिला. या कूलरला प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. त्यातली एक अर्धवटच घुसली होती, त्यामुळे कूलर एका कोपऱ्यात किंचित उचललेला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि चारही पिना समोरासमोरच्या जोडीने, 'टक' आवाज येईपर्यंत दाबल्या. तोच लोड, तीच खोली : सगळे कोअर ७४ ते ७९. खर्च दोन-तीनशे रुपये.

माझा मुद्दा इथेच आहे. फरक असणं म्हणजे आजार नव्हे. कूलर काढून परत बसवल्यावर त्या फरकाचं काय होतं, ते बघायचं. गरम जागा हलली किंवा गेली, तर दोष बसवण्यात होता. तोच कोअर तेवढ्याच अंशांनी पुढे राहिला, तर बहुधा ते चिपच्या किंवा सेन्सरच्या रचनेतच आहे, आणि तिथे आपली पेस्ट पोचत नाही. २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट वापरली. नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेल्समध्ये सोल्डर परत आलं ते २०१८ मध्ये. मधल्या काळात कितीतरी हौशी लोकांनी ते झाकण उचकटलं, वॉरंटीवर पाणी सोडून!

बाकी पथ्यं साधी आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला. पेस्ट, पंखा आणि बायॉस एकाच रविवारी बदललं, तर कशाने गुण आला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. खोलीचं तापमान लिहून ठेवा. २२ अंशांच्या खोलीतल्या परदेशी रिव्ह्यूशी आपल्या ३५ अंशांच्या खोलीची तुलना करायची, तर ते तेरा अंश आधी वजा करा. आणि सरासरीवर विश्वास ठेवू नका. त्या मित्राच्या मशीनची सरासरी ८५ च्या आसपास, म्हणजे कागदावर सगळं आलबेल! मशीन हळू करतो तो सर्वांत गरम कोअर, सरासरी नव्हे. (सर्व्हरचे डॅशबोर्ड बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

मर्यादाही आपल्या प्रोसेसरची बघा, शेजाऱ्याच्या नाही. २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातात, ते मुद्दाम तसेच बनवलेत.

थोडक्यात काय, पूर्ण लोडवर सर्वांत गरम कोअर मर्यादेच्या बराच खाली असेल आणि तापमानामुळे वेग पडत नसेल, तर ते सॉफ्टवेअर बंद करा. नसेल, तर पाकिटाआधी स्क्रूड्रायव्हर काढा.