वतनदार की वेठबिगार?



ही वार्षिक स्मरणिका आपल्या हाती देताना, जर्मनीत संसार उभा करणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. संगणकाचे काम असो, भाषेची शिकवणी असो वा माल पोहोचविण्याचे काम असो, आपल्या तरुणांपुढे पुष्कळदा नोकरीऐवजी ‘स्वतंत्र व्यावसायिका’चा करार ठेवला जातो. दरमहा बिल द्या, पैसे घ्या. तुम्हीच तुमचे मालक!

हे शब्द कानाला गोड लागतात. परंतु असाच एक गोड शब्द आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या भोगला आहे. महारास वतनदार म्हणत. त्याच्या नावे इनाम जमीन होती, बलुत्याचा हक्क होता. प्रत्यक्षात सरकार आणि गाव या दोघांच्या हुकमाखाली तो अहोरात्र राबे. तो नसला तर घरातल्या माणसास राबावे लागे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते हे सोंग उघडे पाडण्यासाठीच. ती कनिष्ठ वतने नष्ट होण्यास 1958 चा कायदा यावा लागला.

नाव पाहू नये, नाते पाहावे, हा त्या लढ्याचा धडा. जर्मन कायदाही हेच सांगतो. येथील सामाजिक संहितेच्या चौथ्या भागातील कलम 7 नुसार, दुसऱ्याच्या आदेशाने आणि दुसऱ्याच्या कार्यव्यवस्थेत सामावून केलेले काम ही नोकरीची खूण होय. स्वतःची जोखीम, स्वतःची साधने, आपली वेळ आपण ठरविण्याची मुभा ही व्यवसायाची खूण. नागरी संहितेत 2017 पासून असलेले कलम 611अ स्पष्ट म्हणते की, प्रत्यक्ष व्यवहार नोकरीचा असेल तर करारातील नावास महत्त्व नाही. 28 जून 2022 रोजी संघीय सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्ग येथील संगीतशाळेत मानधनावर चाललेले अध्यापन नोकरीच ठरविले.

यात पणाला काय लागते? नोकरदारास आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत वेतन, पगारी रजा, बेकारीचा विमा आणि निवृत्तिवेतनात मालकाचा निम्मा वाटा मिळतो. ‘स्वतंत्र’ म्हणविणाऱ्यास यातले काहीच आपोआप मिळत नाही.

आपल्यातील जे बांधव दुकान वा उपाहारगृह चालवितात, त्यांनीही आत्मपरीक्षण करावे. मदतनिसाकडून बिल घेऊन त्याचा विमा चुकविल्यास मागील वर्षांची वर्गणी, कामगाराच्या वाट्यासह, मालकाकडून वसूल होते. जाणूनबुजून केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरतो. आणि कायद्याचे भय बाजूस ठेवले तरी, ज्याच्या आजोबांनी वेठ सोसली त्याने दुसऱ्याकडून वेठ घ्यावी काय? तथागतांनी सांगितलेली सम्यक आजीविका मालकासही लागू आहे.

खरा स्वतंत्र व्यवसाय अभिमानास्पदच आहे. तो आपल्या मुलांनी अवश्य करावा. मात्र सहीपूर्वी करार जाणकारास दाखवावा आणि आपल्या निवासपरवान्यात कोणत्या कामास मुभा आहे तेही पाहावे. शंका असल्यास जर्मन निवृत्तिवेतन विमा संस्थेकडे दर्जानिश्चितीचा अर्ज करावा. तो काम देणारा व करणारा, दोघांपैकी कोणीही विनाशुल्क करू शकतो. वतनाचा कागद आपल्या पूर्वजांना वाचता येत नव्हता. आपल्याला येतो, म्हणून तो न वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!

— संपादक मंडळ