पत आमची, वही त्यांची

‘तुमचं सिबिल खराब आहे’ हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? मी ऐकलंय. शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा साहेबांनी पडद्यावरची नजर न काढता ते सुनावलं. तीन वर्षांपूर्वी फेडलेलं गटकर्ज माझ्या नावावर थकीत दिसत होतं. शेवटच्या हप्त्याची पावती माझ्या ट्रंकेत आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने ते फिटल्याचं पुढे कळवलंच नव्हतं. चूक तिची, रोज बुडवून चार महिने खेटे घातले मी.

बाईच्या चारित्र्याबद्दल गाव तिच्या पाठीमागे बोलतं आणि पुरावा मात्र तिनेच द्यायचा. ही नोंदवही त्याच जातकुळीतली. अशी वही ठेवणाऱ्या परवानाधारक कंपन्या देशात चार आहेत. सिबिल हे त्यांतल्या एकीचं नाव. आमचीच माहिती विकून त्या चालतात.

पण त्यांनाही २००५ चा कायदा आहे, हे आम्हाला कोण सांगतं? तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई! रिझर्व्ह बँकेचा हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुरुस्ती नाकारली तर कारण द्यावं लागतं. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं.

मला एक पैसाही मिळाला नाही, कारण मी सगळं तोंडी सांगत राहिले. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

आणि नियमही अपुराच आहे. भरपाई मोजायची ती तक्रारीनंतरच्या ३० दिवसांपुढे. त्याआधी हातचा गेलेला लग्नसराईचा धंदा कोण भरून देणार? भरपाई चुकीची नोंद झाली त्या दिवसापासून हवी. बाकी आहे हे संस्थेने सिद्ध करावं, नाही हे आम्ही का म्हणून?

ही मागणी लावून धरूच, पण तोवर बसून राहायला नको. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, मात्र तो संगणकावर किंवा मोबाइलवर. जिच्याकडे साधा फोन आहे तिचा अहवाल गटाच्या बैठकीत मिळून काढू या. चूक दिसली की लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची आणि दिवस मोजायचे.

आमची पत हप्त्या-हप्त्याने, पोटाला चिमटा घेऊन उभी राहिली आहे. ती लिहिणाऱ्यांनी नीट लिहावी, नाहीतर पैसे मोजावेत.