ताप आला की आधी गोळीचं नाव सांगा

मानसिक आजार असलेल्या माणसाला सांभाळणाऱ्या शुभंकरांनो,

मे महिन्यातली दुपार. घरातल्या शुभार्थीला, म्हणजे आपल्या त्या आजारी माणसाला, सडकून ताप भरतो. अंग लाकडासारखं ताठ होतं, घामाने कपडे भिजतात, तो असंबद्ध बरळतो किंवा एकदम गप्प होतो. कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं डेंग्यू असेल, कुणी म्हणतं जुना आजार उलटला. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, "औषधं कुठली चालू आहेत?" शेजारचे सोबत आलेले असतात, म्हणून आपण सांगून टाकतो, "काही नाही, बीपीची एक गोळी."

हे आवाहन त्या उत्तराबद्दल आहे.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिनला आवर घालतात. भास आणि संशय त्यामुळे ओसरतात. मात्र फार थोड्या लोकांत त्यातूनच वर सांगितलेला प्रकार उद्भवतो. डॉक्टर त्याला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात. बहुतेक वेळा तो औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत होतो, पण नंतरही होऊ शकतो. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर धोका वाढतो. ताठरलेले स्नायू झिजू लागतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जातो. गोळी ठाऊक असेल तर डॉक्टर स्नायूंची झीज दाखवणारं रक्तातलं सीपीके तपासतात आणि ती लगेच बंद करतात. ठाऊक नसेल तर मलेरियाच शोधत बसतात. उलटी होतेय म्हणून मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं, तर तेही डोपामिनच रोखतं!

म्हणून ताप आणि ताठरपणा एकत्र दिसले तर पुढची गोळी देऊ नका. 108 ला फोन करा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून निघा. महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही आठवणीने सांगा. ते पिशवीत सापडत नाही. वरणात, चहात गुपचूप गोळी देणारी घरं कमी नाहीत, आणि त्यामागची हतबलता मला कळते. पण अशा घरात शुभार्थी स्वतः काहीच सांगू शकत नाही. सगळी भिस्त तुमच्या तोंडावर.

क्लोझापिनची गोष्ट वेगळी. 1975 मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घटून आठ जण दगावले आणि अनेक देशांत ते मागे घेतलं गेलं. इतर औषधांना दाद न देणाऱ्यांना ते उपयोगी पडतं हे सिद्ध झाल्यावर 1990 च्या सुमारास ते परतलं, पण रक्ततपासणीच्या अटीवर. पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटणं शंभरात जेमतेम एखाद्याच्या वाट्याला येतं, तेही बहुधा पहिल्या 18 आठवड्यांत. तेव्हा "माणूस बरा आहे की, दर आठवड्याला सुई कशाला" म्हणून तपासणी चुकवू नका. घसा दुखून ताप आला तर काढा, क्रोसिन करत घरी थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा. याच औषधाने आतडी मंदावतात. पोट फुगलं, तीन-चार दिवस शौचाला झालं नाही, उलट्या होतायत, तर ही साधी बद्धकोष्ठता समजू नका. शुभार्थी हे बोलायला लाजतात, म्हणून तुम्हीच विचारा. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात छातीत दुखणं, धाप लागणं हेही हृदयाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं.

पण अशी लक्षणं नसताना, केवळ हे वाचून घाबरून कुणी चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तसं केलं तर आजार उसळतो, आणि तो धोका या दुर्मीळ प्रकारांपेक्षा पुष्कळ मोठा आहे. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. मन हलकं करायला टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

आज एवढंच करा. औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख आणि डॉक्टरांचा फोन एका चिठ्ठीवर लिहा. एक चिठ्ठी शुभार्थीच्या पाकिटात, एक तुमच्या. आणि कॅज्युअल्टीत ती सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

— तुमच्यातलाच एक शुभंकर