विश्लेषण : ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणजे काम झाले, असे समजायचे का?

सॉफ्टवेअरमध्ये बदल हवा म्हणून तिकीट टाकले. चार दिवसांनी ते ‘रिझॉल्व्ह्ड’ झाल्याचा मेल आला. स्क्रीन उघडून पाहिली, तर सगळे जसेच्या तसे! आयटीतल्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. असे का होते आणि यात चूक कोणाची?

चेंज रिक्वेस्ट म्हणजे काय?

जे ठरले होते ते चालत नसेल, तर तो ‘बग’. ठरलेलेच बदलायचे असेल, तर ती ‘चेंज रिक्वेस्ट’, म्हणजे ऑफिसच्या भाषेत ‘सीआर’. पगारपत्रकात रजेची आकडेमोड चुकली तर तो बग. कंपनीने रजेचे नियमच बदलले तर सीआर. बगची दुरुस्ती सहसा मूळ करारात येते, सीआरचे मात्र वेगळे बिल लागू शकते. त्यामुळे तिकिटावर कोणता शिक्का बसतो, यावर पैसे कोण देणार हेही ठरते.

‘रिझॉल्व्ह्ड’चे अर्थ किती?

मोझिला प्रकल्पासाठी १९९८ मध्ये ‘बगझिला’ आले. २००२ मध्ये आलेल्या ‘जिरा’चे नावही त्यावरूनच सुचले, गॉडझिलाचे जपानी नाव ‘गोजिरा’. या साधनांत तिकिटाची स्थिती आणि त्याचा निकाल या दोन वेगळ्या नोंदी असतात. ‘रिझॉल्व्ह्ड’ ही स्थिती झाली. निकाल मात्र अनेक असू शकतात : ‘फिक्स्ड’ (दुरुस्त केले), ‘डुप्लिकेट’ (आधीच नोंद आहे), ‘वोन्टफिक्स’ (करणार नाही), ‘वर्क्सफॉरमी’ (आमच्याकडे तर नीट चालते), ‘इनव्हॅलिड’ (ही चूकच नाही). या पाचांपैकी काम झाल्याचे फक्त पहिलाच सांगतो. गिटहबनेही २०२२ मध्ये इश्यू बंद करताना ‘पूर्ण झाले’ आणि ‘करण्याचे नियोजन नाही’ असे वेगळे पर्याय दिले.

‘रिझॉल्व्ह्ड’ आणि ‘क्लोज्ड’मध्ये फरक काय?

‘रिझॉल्व्ह्ड’ हा डेव्हलपरचा दावा असतो. टेस्टरने किंवा मागणी करणाऱ्याने तपासून होकार दिला, की तिकीट ‘क्लोज्ड’ व्हावे, ही जुनी शिस्त. शिवाय कोड लिहून झाला तरी तो पुढच्या रिलीजशिवाय वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाही. कोणत्या आवृत्तीत बदल येणार हे तिकिटावर लिहिले, तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील.

नकार देणे चुकीचे आहे का?

मुळीच नाही. प्रत्येक मागणी मान्य केली तर सॉफ्टवेअरची गोधडी होईल. मात्र नकाराचे कारण दिले पाहिजे. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी ऑगस्ट २००४ मध्ये ‘बग क्रमांक १’ नोंदवला : बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा बहुसंख्य आहे! मे २०१३ मध्ये त्यांनीच तो बंद केला. पण गुपचूप नाही. स्मार्टफोन आणि टॅब्लेटमुळे संगणनाचे चित्रच बदलले, असे कारण त्यांनी सविस्तर लिहिले. ते पटो न पटो, वाचायला मिळाले.

मग बिघडते कुठे?

मोजमापात. आठवड्याला किती तिकिटे बंद झाली यावर टीमचे गुण ठरले, की तिकिटे बंद होऊ लागतात. प्रश्न सुटतातच असे नाही. ‘नवे तिकीट टाका’ म्हटले, की मुदतीचे घड्याळही पुन्हा शून्यावर. काही ठिकाणी बरेच दिवस हालचाल नसलेली तिकिटे बॉटच बंद करतो. डॅशबोर्ड हिरवा होतो आणि हिशेब जुळवायला वापरकर्ता पुन्हा एक्सेल उघडतो.

काय व्हायला हवे?

तीन साध्या गोष्टी. निकालासोबत कारणाची एक तरी ओळ सक्तीची हवी. अखेरचे ‘क्लोज’चे बटण मागणी करणाऱ्याच्या हाती हवे, त्याचे उत्तर येत नसेल, तर ठरावीक मुदत सांगूनच तिकीट बंद करावे. आणि बंद तिकिटांबरोबर पुन्हा उघडलेली तिकिटेही मोजायला हवीत.

हा प्रश्न आयटी पार्कच्या फाटकाआत थांबत नाही. खड्ड्याची तक्रार ‘निकाली काढली’ असा मेसेज येतो आणि खड्डा तिथेच असतो, तेव्हा नागरिकालाही हेच विचारायचे असते : निकाली निघाले ते काम की फक्त तिकीट?